माझ्या गॅलरीचे लाल पडदे

आधी हातातला कप खाली ठेवा, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होते तेव्हा एका मैत्रिणीच्या नाकातून चहा बाहेर आला आणि थेट माझ्या नव्या चादरीवर पडला. ठेवलात? मग ऐका, मी स्वतःच्या हाताने स्वतःची शोभा कशी करून घेतली ते. आणि तीसुद्धा नारायणपेठी नेसून, हातात गुलाबदाणी घेऊन, अख्ख्या बिल्डिंगसमोर!

पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. शेवटी जिंकले मीच. हे लक्षात ठेवा, मधेच विसराल.

आमची बिल्डिंग अंधेरी पश्चिमेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आई, पप्पा, मी आणि थोरली काकी. काकी गावाहून गुडघे दाखवायला आली ती इथलीच झाली. काका तिकडे आंब्याची कलमं राखतात, काकी इकडे आम्हाला राखते. आई-पप्पा आणि काकीने बेडरूम वाटून घेतली होती, मधे कपाटाची भिंत करून. आणि मी? मी हॉलमध्ये, टीव्हीसमोर! म्हणजे अक्षरशः समोर. माझी गादी टीव्हीच्या पायाशी. बातम्या संपून शेजारचे उठून घरी जाईपर्यंत मला आडवं व्हायची सोय नाही. बी.ए.चा अभ्यास मी कुठे केला असेल? स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिक्सरच्या घरघरीत. माझ्या अर्थशास्त्राच्या वहीला अजून आलं-लसणाचा वास येतो.

तर अशा माणसाला एक खोली हवीशी वाटली, तर काही चुकलं का?

आणि खोली होती! म्हणजे गॅलरी होती. चांगली लांबलचक. पावसाचं पाणी थेट हॉलपर्यंत यायचं म्हणून पप्पांनी ती पूर्ण काचेने बंद करून घेतली होती. लोकांच्या गॅलरीत जुनी सायकल, रॉकेलचा डबा, मोडकी खुर्ची. आमच्या गॅलरीत मी झाडं लावली. मनी प्लांट, क्रोटन, नेचे, एक चिनी गुलाब. एका इंग्रजी मासिकात फोटो पाहिला होता, काचेची खोली, आत हिरवीगार झाडं, मधे वेताची खुर्ची, खुर्चीत एक बाई पुस्तक वाचत बसलेली. झालं! मला माझं भविष्य दिसलं. बाईच्या जागी मी.

फक्त एक अडचण होती. ऊन. गॅलरी पश्चिमेला. दुपार झाली की काचेतून असं ऊन शिरायचं की आत पापड नुसता ठेवला तरी भाजून निघावा. माझा नेचा तर दोनदा मरता मरता वाचला.

परीक्षा संपली त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं, "आजपासून गॅलरी माझी खोली."

पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गॅलरीत आंबे ठेवायचेत. पेट्या येतील आता गावाहून."

"आंबे? म्हणजे मी टीव्हीखाली आणि आंब्यांना स्वतंत्र खोली?"

"आंब्याला ऊब लागते. तुला ती सोसणार आहे का? दुपारी पाच मिनिटं बसून दाखव तिथे."

"पडदे लावले की बसेन."

"मग लाव आणि दाखव!" पप्पांनी पेपर खाली ठेवला. पप्पा कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. मालाची तपासणी केल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा बाणा घरातही असतो. "यंदा चैत्राचं हळदीकुंकू तिथेच करू. भर दुपारी. बायका तिथे टेकल्या, तर गॅलरी तुझी. उठून हॉलमध्ये पंख्याखाली पळाल्या, तर आंब्यांची."

"आणि पेंडसेबाई पण येतील हं," आईने हळूच भर घातली.

ही खरी मेख होती. तळमजल्यावरच्या पेंडसेबाई म्हणजे सेक्रेटरींची बायको. त्यांना उकाडा अजिबात सोसत नाही, आणि हे त्या थंडीतही सगळ्यांना सांगतात. कुठेही गेल्या की पदराने वारा घेत "बाई बाई, काय हे!" म्हणत पंख्याखाली जाऊन बसतात, आणि त्या उठल्या की त्यांच्या मागून सगळी बिल्डिंग उठते. म्हणजे माझ्या खोलीचा निकाल पेंडसेबाईंच्या घामावर!

"मंजूर!" मी म्हणाले.

आता पडदे कसले लावायचे? घरात प्रत्येकाला मत होतंच. आईला फुलाफुलांचं कापड हवं होतं, हॉलच्या सोफ्याला शोभेल असं. काकी म्हणाली, "बांबूची चिक लाव गो. नायतर गावाक झापां बांधतत तशी झापां बांध. ऊन येवचा नाय नि वारो थंड."

झापं! अंधेरीला! काचेच्या गॅलरीला नारळाची झापं बांधून मी काय आत शहाळी विकायला बसू? आणि चिक म्हणजे तर सरकारी दवाखाना. हिरव्या कापडाची किनार, मधे पाल, आणि "पुढचा पेशंट!"

मला हवे होते ब्लाइंड्स. मैत्रिणीच्या भावाच्या ऑफिसात मी ते पाहिले होते. अॅल्युमिनियमच्या बारीक आडव्या पट्ट्या. एक दोरी ओढली की सगळ्या पट्ट्या वर गोळा होतात, सोडली की झर्रकन खाली. बाजूची काठी फिरवली की पट्ट्या हव्या तशा तिरक्या. ऊन बाहेर, उजेड आत. याला म्हणतात विज्ञान! साकीनाक्याला एका गाळ्यात ते बनवतात असं कळलं. गेले, मापं दिली, आणि रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्या घेऊन आले. कॉलेजात असताना घेतलेल्या शिकवण्यांची सगळी मिळकत मी यात घालणार होते, म्हणून रंग ठरवायला अख्ख्या घराला बोलावलं. नाही, मत विचारायला नाही. निर्णय सांगायला.

"हा क्रीम. नको, दवाखाना. हा राखाडी. नको, बँक वाटते. हा हिरवा. यातून उजेड आला की माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. म्हणून हा!" आणि मी लाल पट्टी वर धरली. पिकल्या मिरचीसारखा झगझगीत लाल.

आईने डोळे मिटले. पप्पा म्हणाले, "बसच्या मागच्या दिव्यासारखा आहे."

काकी मात्र एकदम पुढे सरकली. "लाल नको गो चेडवा. दुसरो खंयचो पण घे. लाल बघल्यान काय ती—"

"काकी!" मी मधेच तोडलं. "लाल अशुभ, लालाची दृष्ट लागते, असलं काही मला सांगायचं नाही. आपण अंधेरीत राहतो."

"अगो, माजां ऐक तरी. लाल दिसलो की ती वर—"

"कोण ती? हडळ? काकी, प्लीज हं!"

काकीने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. मग पाय चोळायला घेतला. "माका काय करूचा? तुजी गॅलरी, तुजो पडदो," ती म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात तेव्हा काहीतरी हललं होतं. मला वाटलं, हरल्याचं दुःख असेल.

अहो, मीच मूर्ख!

इथे एक छोटीशी गोष्ट सांगायला हवी. गॅलरीच्या गजाला काकीचा एक लाल पंचा कायम लटकायचा. कधी असायचा, कधी नसायचा. मला वाटायचं, हात पुसून टाकलेलं फडकं. माझ्या त्या मासिकातल्या फोटोत असा पंचा कुठेच नव्हता. परीक्षा संपल्यावर गॅलरी ताब्यात घेतली तेव्हा पहिलं काम मी काय केलं? तो पंचा काढला आणि क्रोटनची पानं पुसायला घेतला. काकी दोनदा विचारून गेली, "माजो पंचो खंय?" मी म्हटलं, "काकी, गॅलरीत फडकी नाहीत!"

बस, एवढं ध्यानात असू द्या.

ब्लाइंड्स एकदम नाही आले. गॅलरीचे तीन भाग, म्हणून तीन ब्लाइंड्स. पहिला तयार झाला तो मधल्या भागात लावून गेले. दुपारी मी दोरी सोडली. झर्रकन लाल! आतून काय सुरेख दिसत होतं म्हणून सांगू! मी वेताची खुर्ची, म्हणजे प्लॅस्टिकची, वेत परवडला नाही, ती मधे ठेवून बसले. थोड्याच वेळात बेल वाजली.

दारात हिराबाय. वेसाव्याची कोळीण, आमच्या भागात घरोघर मासळी देते. डोक्यावर पाटी, तीन मजले चढून धापा टाकत उभी. दुपारची मी कधी घरात नसायचे, त्यामुळे तिला फारशी ओळखत नव्हते.

"लांबून काय झळकतंय गो तुमची गॅलरी!" ती म्हणाली. "नाक्यावरून दिसली. तशीच वर आले."

माझा ऊर भरून आला. बघा! आपल्या घरच्या शिकलेल्या माणसांना कळलं नाही, पण हिला कळलं. भर उन्हात, डोक्यावर ओझं घेऊन, तीन मजले चढून ही बाई माझे ब्लाइंड्स बघायला आली!

"या ना मावशी, आत या," मी म्हणाले. तिला पाटीसकट गॅलरीशी नेलं. काठी फिरवून दाखवली. पट्ट्या वर, पट्ट्या खाली. "असं केलं की ऊन बंद, असं केलं की थोडा उजेड."

हिराबायने एकदा पट्ट्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बरं हाय," ती म्हणाली. "पापलेट देऊ का बोंबील?"

तेवढ्यात आतून काकीची हाक, "हिराबाय, सुरमय हा?"

मला वाटलं, बघा, काकी किती संधिसाधू! पाहुणी आली ब्लाइंड्स बघायला आणि ही तिला मासे विकायला लावते.

चार-पाच दिवसांनी दुसरा ब्लाइंड आला. त्या दुपारी मी दोन्ही खाली सोडले. पुन्हा बेल. पुन्हा हिराबाय. या वेळी पाटी जास्त भरलेली. "आज पावनं हायत काय?" ती विचारू लागली.

"नाही मावशी, आज दोन लावलेत. तुम्हाला बघायचेत ना? या."

"दोन म्हंजे जास्त लागेल ना," ती म्हणाली आणि पाटी उतरवली. मला वाटलं, ती दोरीबद्दल बोलते आहे. "हो, दोरी जास्त लागते," मी समजावून सांगितलं. काकी आत पदर तोंडाला लावून खोकत होती. त्या रात्री जेवणात कोळंबी होती. पप्पा म्हणाले, "वहिनी, आठवड्यात दुसऱ्यांदा मासे? चैन आहे!" काकी म्हणाली, "सुषमेची कृपा." मला वाटलं, टोमणा. मी उत्तर देणार होते, पण कोळंबी चांगली होती म्हणून राहिले.

आता हळदीकुंकवाचा दिवस. शुक्रवार. सकाळीच तिसरा ब्लाइंड लावून घेतला, पण तिन्ही वर ठेवले. का? कारण नाट्य! बायका उन्हात बसतील, पेंडसेबाई वारा घ्यायला लागतील, त्या उठणार तोच मी दोरी सोडणार. नाटकाचा पडदा वर जातो, माझा खाली येणार. एवढाच फरक.

आईने गॅलरीत छोट्या झोपाळ्यावर गौर मांडली. कलिंगडाची कमळं, कैरीची डाळ, पन्ह्याचं पातेलं. माझ्या झाडांच्या मधे गौर अशी काही शोभत होती, की मासिकातली बाई खुर्ची सोडून पाया पडायला आली असती. मी आईची नारायणपेठी नेसले, हातात गुलाबदाणी घेतली आणि दारात उभी राहिले.

बायका आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या डिमेलो आंटीसुद्धा आल्या, त्या दरवर्षी येतात, त्यांना पन्हं आवडतं. सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या. आणि पेंडसेबाई बरोबर पश्चिमेच्या काचेला पाठ करून! ऊन त्यांच्या मानेवर. झालं. पदर सुटला, वारा सुरू झाला.

"बाई बाई, काय हे! काय भट्टी! मी आपली आत हॉलमध्ये—"

"एक मिनिट हं काकू!" मी ओरडले. पुढे झाले. पहिली दोरी, झर्रकन! दुसरी, झर्रकन! तिसरी, झर्रकन!

आणि काय सांगू! ऊन जागच्या जागी थांबलं. सगळी गॅलरी गुलाबी सावलीत बुडाली. काठ्या फिरवून मी पट्ट्या तिरक्या केल्या, फटीतून वाऱ्याची झुळूक आली, कारण वरच्या काचा मी आधीच उघडून ठेवल्या होत्या. मी काही कच्ची नाही. बायकांनी "अय्या!" केलं. आणि पेंडसेबाईंचा हात, अहो तो सदासर्वकाळ हलणारा हात, हवेत थांबला आणि सावकाश मांडीवर आला.

"अगं, छान गार वाटतंय की!" त्या म्हणाल्या.

संपलं! जिंकले! गॅलरी माझी! आंबे गेले उडत! मी काकीकडे विजयी नजरेने बघितलं. काकी भिंतीला टेकून बसली होती आणि कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत होती.

"तिन्ही सोडलंस?" ती हळूच म्हणाली.

"तिन्ही!"

"देवा रे म्हाराजा," काकी म्हणाली. "आता तयारीत ऱ्हव."

कसली तयारी ते विचारायला मला सवड होती का? मी कैरीची डाळ वाटत होते, कौतुक गोळा करत होते, "साकीनाक्याला मिळतात, पण रंगाची निवड माझी" असं प्रत्येकीला सांगत होते. सगळ्या बायका डाळीवर रंगात आल्या असताना बेल वाजली. मी गुलाबदाणी घेऊन धावले. कुणीतरी उशिरा आलं असणार.

दार उघडलं.

हिराबाय. एकटी नव्हे. तिच्या मागे आणखी दोघी, त्यांच्या मागे जिन्यात आणखी एक. प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी, पाटीतून शेपट्या बाहेर.

"सरक गो बाय, भार उतरू दे," हिराबाय म्हणाली. "लगीन कुनाचं?"

"लग्न? कसलं लग्न?"

"आता! मंग बोलावलंस कशाला?"

"मी? मी कधी बोलावलं?"

"घ्या! गॅलरी कोनी लाल केली मंग?" हिराबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवं, तुमच्या काकीचा पंचा लागला की मी समजते, घरात मासळी पायजे, वर ये. नाय लागला की मी खालूनच पुढं. तिचे गुडगे दुखतात, माजं पन दुखतात, उगीच कोनी जिने चढायचे? एक पंचा म्हंजे दोन पापलेटं. परवा एक पडदा लाल, म्हटलं जास्त पायजे. मंग दोन लाल, म्हटलं पावनं आले. आज आख्खी गॅलरी लाल! इकडून तिकडपतुर! मी म्हटलं, लगीनच हाय. म्हनून मी माजी नणंद आनली, जाव आनली, आनि ही बाजूची. सगल्या बाजारातून उठवून आनल्या!"

अशा वेळी शिकलेल्या माणसाने काय करावं? मी घाबरून गुलाबदाणी हलवली. गुलाबपाणी पडलं कुणावर? हिराबायच्या पाटीतल्या सुरमईवर.

माझ्या मागे आता सगळं हळदीकुंकू येऊन उभं राहिलं होतं. आणि त्या सगळ्यांच्या मधून काकीचा आवाज आला, खणखणीत, "लाल नको म्हणान सांगी होतंय ना तुका! ऐकूक होया तर! म्हणे हडळ!"

हास्याचा असा भडका उडाला की जिना हलला. डिमेलो आंटी तर भिंत धरून खाली बसल्या. "ओ माय गॉड, सुषमा, यू कॉल्ड द होल मार्केट!" आणि मी? मी हिराबायला ब्लाइंड्सच्या पट्ट्या फिरवून दाखवल्या होत्या हो! दोनदा! दोरी जास्त लागते म्हणून समजावलं होतं! त्या क्षणी मला क्रोटनच्या कुंडीत शिरून वरून माती ओढून घ्यावीशी वाटली.

पण हिराबाय हसत नव्हती. "हसता काय? चौघींची बाजारातली जागा सोडून आलो. लगीन नाय तर ही मासळी कोन घेनार? उन्हात खराब व्हायची!"

ते खरंच होतं. आणि ते माझ्यामुळे होतं.

तेव्हा आई पुढे आली. माझी आई एरवी मांजरासारखी हळू बोलते. म्हणाली, "सवाष्णी दारात आल्यात. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांना दारातून परत पाठवायचं नसतं. पाट्या घेऊन आत या. आधी कुंकू, मग बघू."

आणि चौघी आत आल्या! पाट्या हॉलमध्ये पंख्याखाली ठेवल्या, कारण मासळीला थंडावा हवा. बायका मात्र गॅलरीतच बसल्या, कारण तिथे सावली होती. आईने चौघींना हळदीकुंकू लावलं, हरभऱ्याने ओटी भरली, पन्हं दिलं. हिराबायने पन्ह्याचा घोट घेतला, वर ब्लाइंड्सकडे बघितलं आणि पहिल्यांदाच खरं कौतुक केलं, "ऊन मात्र चांगलं अडवतंय गो."

सुरुवात डिमेलो आंटींनी केली. "हिरा, पापलेट मोठं आहे का?" मग वरच्या मजल्यावरच्या दोघी. मग समोरच्या. "बोंबील ताजे आहेत?" "मला पण!" "अगं, शुक्रवारच आहे, होऊन जाऊ दे!" मला काय चेव आला कुणास ठाऊक, मी पदर खोचला, गॅलरीतून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत, एकीला बांगडे दाखव, दुसरीला कोळंबी आणून दे, तिसरीसाठी हिराबायशी घासाघीस कर! मागणी, पुरवठा, बाजारभाव, तीन वर्षं अर्थशास्त्र शिकले ते त्या एका तासात कळलं! नारायणपेठीवर खवले उडाले. ओटीत हरभरे आणि हातात पापलेट, अशा बायका मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्या.

आणि पेंडसेबाई? शुद्ध शाकाहारी पेंडसेबाई? सगळ्यांना वाटलं, त्या ताडकन उठून जाणार. मीही दोरी हातात धरून बघत राहिले. त्यांनी पदर नाकाला लावला. पाय पसरले.

"पेंडसेबाई, वास येतोय का? तुम्ही हॉलमध्ये... नाही, हॉलमध्येच तर मासे आहेत. घरी जाताय का?" आईने काळजीने विचारलं.

"कुठे जाऊ?" पदराच्या आतून पेंडसेबाई म्हणाल्या. "आमच्याकडे भट्टी पेटलीय. नाक धरून बसेन, पण मी इथून उठायची नाही!"

नेमके तेव्हाच पप्पा पहिली पाळी संपवून घरी आले. पंख्याखाली चार रिकाम्या होत आलेल्या पाट्या, हॉलभर मासे, गॅलरीभर बायका, मधे झोपाळ्यावर गौर, आणि मुलगी हातात बोंबील धरून उभी.

"हे काय आहे?" पप्पांनी विचारलं. "हळदीकुंकू की मासळीबाजार?"

"दोनय," काकी म्हणाली. "पण भावजी, खरां तां सांगतंय. दुपारपासून सगळी बायकामाणसां गॅलरीत बसली हत. पेंडसेबायसुद्धा. एकव उठाक नाय."

बघा हं, काकी! जिचं मी एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, तिनेच माझी साक्ष दिली.

पप्पांनी गॅलरीत डोकं घातलं. पट्ट्यांना हात लावून बघितला. पेंडसेबाईंच्या कोरड्या कपाळाकडे बघितलं. स्टोअरमध्ये माल पास करतात तशी मान हलवली.

"पास," ते म्हणाले. "गॅलरी सुषमाची. आंबे पलंगाखाली."

मी एवढ्या जोरात ओरडले की हिराबायची नणंद दचकली. बोंबील माझ्या हातातून सुटला तो थेट चिनी गुलाबाच्या कुंडीत. काय सांगू, त्या वर्षी गुलाब असा फुलला म्हणता!

सगळी मासळी संपली. एक सुरमई मात्र कुणी घेईना, गुलाबपाण्याचा वास येतो म्हणून. ती आम्ही घेतली. रात्री जेवताना काकी म्हणाली, "कढी बरी झाली, पण लग्नात बसल्यासारख्या वाटता."

तर मंडळी, आता बसलात ना तीच ती खोली. माझी स्वतःची. दारावर टकटक केल्याशिवाय पप्पासुद्धा येत नाहीत. माझं टेबल, माझी झाडं, माझी गादी. जिंकले की नाही? सांगितलं होतं ना!

फक्त थोडीशी व्यवस्था करावी लागली. आता सगळी बिल्डिंग माझ्या पडद्यावर चालते. शुक्रवारी खालून डिमेलो आंटी ओरडतात, "सुषमा, ड्रॉप द कर्टन!" आणि मी दोरी सोडते. एक पडदा म्हणजे आमच्यापुरतं, दोन म्हणजे मजल्यापुरतं, तीन म्हणजे सगळ्यांना. सोमवारी आणि गुरुवारी मात्र लाल दिसून चालत नाही, पेंडसेबाईंनी बजावून ठेवलंय. पण ऊन तर त्या दिवशीही येतंच. मग त्या दिवशी काय करायचं?

ती बघा, ब्लाइंड्सच्या बाहेरच्या बाजूला, गुंडाळून वर बांधलेली. हो, हो, बांबूची चिकच आहे. हिरव्या किनारीची. मीच जाऊन आणली. काकी बरोबर नव्हती, पण कुठली आणायची ते तिनेच सांगितलं, आणि या वेळी मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं.

हसताय काय? चहा प्या. आणि ऊन आलंय ना डोळ्यांवर? थांबा, सोडते पडदा.

एक मिनिट हं. "काकीऽऽ! आज वार खंयचो गो?"